चुन्याचा उजेड

दिवाळीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. पण संपादकांनी यंदा, "बाई, गोष्टच हवी असे नाही, मनात असेल ते लिहा," असे कळवले, आणि माझ्या मनात तर गेले वर्षभर भांडणच आहे. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट जवळ घेऊन बसा. मध्येच कडू लागले तर करंजीचा तुकडा मोडावा आणि पुढे वाचावे.

भांडण इंग्रजीशी नाही, हे आधीच सांगून टाकते. मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या आणि वीस-बावीस वर्षे तालुक्याच्या गावी मुले शिकवली. इंग्रजीने माझे काही वाकडे केलेले नाही. उलट ती भाषा मला आवडते, कारण तिला आपल्या धंद्याची लाज वाटत नाही. माझे भांडण आहे ते आपल्या मराठी वर्तमानपत्रांशी, वाहिन्यांशी आणि आम्हा मास्तर-मास्तरणींशी. इंग्रज-अमेरिकनांनी बातमीच्या धंद्यात घासून घासून जे वाक्प्रचार घडवले, ते आपण उचलले, त्यांच्यावर रेशमी शेला पांघरला आणि मुलांच्या हाती दिले. आत काय आहे, हे ना देणाऱ्याने पाहिले, ना घेणाऱ्याने.

'लाइमलाइट' हाच शब्द घ्या. आमच्या शाळेच्या व्याकरणाच्या वहीत त्याचा अर्थ 'प्रसिद्धीच्या प्रकाशझोतात येणे' असा दिलेला असतो. मुले पाठ करतात, एक गुण मिळवतात. एकदा एका पोराने विचारले, "बाई, लाइम म्हणजे लिंबू ना? मग लिंबाचा उजेड कसा?" सारा वर्ग हसला. मला मात्र त्या पोराचे कौतुक वाटले, कारण बावीस वर्षांत हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच. लाइम म्हणजे इथे चुना! ज्याला आपण कळीचा चुना म्हणतो, त्याचा खडा ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत धरला की तो लख्ख पांढरा पेटतो. थॉमस ड्रमंड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८२५ साली आयर्लंडच्या जमीनमोजणीत हा दिवा डोंगरमाथ्यावर लावला. दूरच्या डोंगरावरून खूण दिसावी, एवढाच हेतू. पुढे १८३७ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो रंगमंचावर आला. प्रत्येक दिव्यापाशी एक माणूस उभा असे. खडा जळून त्याला खळगा पडू लागला की तो फिरवायचा आणि झोत नटावर धरून ठेवायचा, हे त्याचे काम. तो झोत ज्याच्यावर धरील तो नट झळके. बाजूचे चारजण अंधारात तेच नाटक करीत.

आता पाहा, इंग्रजी शब्दात हे सगळे शिल्लक आहे. चुना आहे, दिवा आहे आणि दिवा धरणारा माणूसही आहे. आपल्या 'प्रकाशझोता'त त्यातले काय उरले? आपला प्रकाशझोत आकाशातून पडतो. 'अमुक नेते प्रकाशझोतात आले', 'तमुक गाव प्रकाशझोतात आले' असे आपण लिहितो, जणू ग्रहण सुटावे तसे ते आपोआप घडले. झोत कुणी धरला, आणि बाजूला अंधारात कोण उभे होते, हे विचारण्याची सोयच त्या शब्दात नाही. (आपल्याकडे चुन्याचा वाक्प्रचार आहे, नाही असे नाही. तो 'चुना लावणे' हा. बातम्यांच्या बाबतीत तो अधिक चपखल बसेल असे कुणाला वाटले, तर मी अडवणार नाही.)

दुसरे उदाहरण ह्याहून मोठे. 'लोकशाहीचा चौथा स्तंभ' हे शब्द ऐकले नाहीत असा मराठी माणूस नसेल. प्रत्येक पत्रकारदिनी, म्हणजे ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घातला की पहिला वक्ता हा स्तंभ उभा करतो. बाळशास्त्रींनी १८३२ साली 'दर्पण' काढले, तेव्हा एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी अशी मांडणी होती. दोन्ही भाषा वाचकाने ताडून पाहाव्यात अशी सोयच होती ती. पण त्यांच्याच नावाने भरणाऱ्या सभेत हा शब्द कुणी मुळाशी ताडून पाहत नाही. मूळ इंग्रजी 'फोर्थ इस्टेट' आहे. इस्टेट म्हणजे खांब नव्हे. जुन्या राज्यव्यवस्थेत धर्मगुरू, उमराव आणि सामान्यजन असे तीन वर्ग असत, त्यांना इस्टेट म्हणत. थॉमस कार्लाइलने १८४० साली व्याख्यानात सांगितले आणि १८४१ साली ते छापूनही आले, की एडमंड बर्क पार्लमेंटातल्या बातमीदारांच्या सज्जाकडे बोट दाखवून म्हणत असे, तीन वर्ग इथे बसले आहेत, पण तिथे वर बसलेला चौथा ह्या सर्वांहून वजनदार आहे. बर्क हे खरोखर बोलला की नाही ह्यावर विद्वान वाद घालतात. तो वाद त्यांनी घालावा.

मला एवढेच दिसते, की 'वर्ग' म्हटले की त्याला हितसंबंध आले, भूक आली, पक्ष आला. त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. आपण त्याचा खांब केला. खांबाला कोण जाब विचारणार? खांबाला फार तर हळदकुंकू लावतात. आणि जो सज्जात बसून खालच्यांकडे पाहत होता, तो आता त्याच इमारतीचे छप्पर डोक्यावर घेऊन उभा आहे. त्याला मान वळवून घराकडे पाहता तरी येईल का?

माझे एक जुने सहकारी, इंग्रजीचे शिक्षक, ह्यावर मला म्हणाले, "बाई, भाषा वाहती असते. टेबल आले, स्टेशन आले, तेव्हा नाही रडलात. आता वाक्प्रचार आले तर कशाला ओरडता?" बरोबर आहे. पण टेबलाबरोबर टेबल आले होते. पाय मोडले तर कळत होते. स्टेशन आले ते आगगाडी, तिकीट आणि मास्तर घेऊन आले. हा प्रकाशझोत दिव्यावाचून आला, तो स्तंभ घरावाचून. शिवाय जे वाक्प्रचार प्रामाणिक होते, ते आपण आणलेच नाहीत. इंग्रज पत्रकार 'सिली सीझन' म्हणतात. पार्लमेंटाला सुट्टी, साहेब लोक हवा पालटायला गेलेले, छापायला काही नाही, म्हणून ऑगस्टात समुद्रातल्या महानागाच्या आणि अवाढव्य फळांच्या बातम्या छापायच्या. ह्या दिवसांना त्यांनीच हे 'खुळचट ऋतू' नाव दिले, तेही १८६१ सालापासून छापील. आपल्या वाहिन्यांचा हा ऋतू बाराही महिने चालतो, पण त्याला नाव मात्र मिळालेले नाही.

'स्कूप' म्हणजे काय? स्वयंपाकघरातले ओगराळे. पंगतीत इतरांच्या आधी ओगराळे घालून वरचे तूप कुणी काढून न्यावे, तसे एका पत्राने दुसऱ्याच्या आधी बातमी काढून नेणे. शब्दातच हावरेपणा कबूल केलेला. आपण त्याला 'सनसनाटी गौप्यस्फोट' म्हणतो, दिवाळीतल्या लक्ष्मीबाँबसारखा. उडाल्यावर कागदाचे कपटे तेवढे उरतात, ही एक गोष्ट त्यात खरी.

'पीत पत्रकारिता' हा शब्द आपण रंगासकट आणला, पण आमच्या वर्गात त्याचा अर्थ विचारला तर निम्मी मुले कावीळ सांगतात. त्या पिवळेपणाची हकीकत मुलांना गोष्ट म्हणून सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्कला पुलित्झरचे 'वर्ल्ड' आणि हर्स्टचे 'जर्नल' ह्या दोन पत्रांत खपाची झुंज लागली होती. रिचर्ड आउटकॉल्ट ह्या चित्रकाराचा पिवळ्या डगल्यातला टकल्या पोरगा 'वर्ल्ड'मध्ये इतका गाजला, की हर्स्टने चित्रकारालाच पैसे देऊन फोडले. मग दोन्ही पत्रांत दोन पिवळी पोरे दिसू लागली. त्या पोरावरून ह्या पत्रांचे नाव पडले. १५ फेब्रुवारी १८९८ ला हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली, अडीचशेच्या वर माणसे गेली. चौकशी व्हायच्या आत ह्या पत्रांनी स्पेनला गुन्हेगार ठरवले. दोन महिन्यांत युद्ध सुरू झाले. युद्ध केवळ ह्या पत्रांनी पेटवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण लाकडे त्यांनी रचली होती. हळदीच्या रंगाचा हा शब्द शिकवताना ती बुडालेली माणसे सांगितली नाहीत, तर काय शिकवले?

आणि 'बातमी पुरणे'? ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे जळत असताना ब्रिटनच्या वाहतूक खात्यातल्या एका सल्लागार बाईंनी सहकाऱ्यांना लिहिले, की जे काही दडपायचे असेल ते बाहेर काढायला आजचा दिवस चांगला. पत्र फुटले. पुढच्या फेब्रुवारीत त्यांना जावे लागले. तेव्हापासून 'बातमी पुरायला चांगला दिवस' हा इंग्रजीत वाक्प्रचार झाला. आपल्याकडे मोठ्या सामन्याच्या किंवा सणाच्या आदल्या रात्री कितीतरी आदेश निघतात. ते पुरले गेले हे सांगायला आपण शब्दही ठेवला नाही. मार्गारेट थॅचरबाई १८८५ च्या नव्हेत, १९८५ च्या! त्यांनी दहशतवाद्यांना 'प्रसिद्धीचा प्राणवायू' मिळू नये असे म्हटले आणि १९८८ ते १९९४ ब्रिटनमध्ये आयर्लंडच्या काही पुढाऱ्यांचा आवाज प्रक्षेपित करायला बंदी होती. चित्र दिसे, ओठ हलत, आणि शब्द मात्र भाड्याचा नट बोले. प्राणवायू तोडायचा म्हणून निघाले आणि त्याची नाटक कंपनी झाली.

आता आपल्या शब्दांकडे या. कुणकुण लागणे. कर्णोपकर्णी होणे. षट्कर्णी होणे, म्हणजे दोघांच्या चार कानांतली गोष्ट तिसऱ्याच्या दोन कानांत जाणे. आवई उठणे, भुमका उठणे, कंड्या पिकवणे. वावड्या उडवणे, वावडी म्हणजे पतंग, आणि पतंग म्हटला की दोरी कुणाच्या तरी हातात आलीच. ह्या शब्दांमध्ये बातमीला कान आहेत आणि हात आहेत. 'तुला कुणी सांगितले?' हा प्रश्न त्यांत मुरलेला आहे. दवंडीवाला आधी हुकूम कुणाचा ते सांगे, मग पुढे बोले. आजच्या 'सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार'पेक्षा तो पुष्कळ जबाबदार होता.

पण आपल्या शब्दांना मी सोवळे नेसवून पाटावर बसवणार नाही. 'चव्हाट्यावर आणणे' आणि 'गावभर बोभाटा होणे' हे शब्द मी लहानपणापासून ऐकले, आणि चव्हाट्यावर आणली गेली ती बहुतेक वेळा बाईच. 'पराचा कावळा' टाकून 'पेल्यातले वादळ' आणले म्हणून कुणी गळा काढला तरी मी सामील होणार नाही. दोन्ही चांगले आहेत. 'नाइन डेज वंडर' आणि आपली 'नव्याची नवलाई नऊ दिवस' ह्यांत तर आकडासुद्धा एक! माणसे सगळीकडे सारखीच, नवव्या दिवशी कंटाळणारी. मुद्दा शब्द देशी की विलायती हा नाही.

मुद्दा ज्यासाठी ही लेखणी हातात धरली तो सांगते. बातमी कशाला म्हणावे, ह्याचे एक इंग्रजी सूत्र आहे. कुत्रा माणसाला चावला तर ती बातमी नव्हे. माणूस कुत्र्याला चावला तर ती बातमी. न्यूयॉर्कच्या 'सन' ह्या पत्रातल्या जॉन बोगार्ट ह्या संपादकाच्या नावावर ते घालतात, कुणी चार्ल्स डानाच्या. एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या दैनिकाला, एका सेंटाला विकणारी पोरे रस्त्यावर ओरडत असताना, ते उपयोगी पडले असेल. ते दुकानाचे सूत्र होते. आपण त्याचे शास्त्र केले. पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या दिवशी ते शिकवतात, आणि आमच्या तालुक्यापर्यंत ते वेदवाक्य होऊन पोचले आहे.

माझ्या वर्गात सातवीत एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, निबंधात नेहमी आपल्या शेळ्यांविषयी लिही. पावसाळ्यात एका रात्री भुईवर झोपली असताना तिला मण्यार चावली. मण्यारीच्या दंशाला सूज नाही, आग नाही; पोर पोटात दुखते म्हणाली. जवळच्या केंद्रात नेले तेव्हा तिथे प्रतिविष शिल्लक नव्हते. जिल्ह्याच्या गावी न्यायला जीप मिळेपर्यंत पहाट झाली. घाटात ती गेली.

आमच्या भागाचा वार्ताहर माझाच जुना विद्यार्थी. मी त्याला गाठून म्हटले, "अरे, तिच्याविषयी राहू दे, पण केंद्रात औषध नव्हते एवढे तरी छाप." तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, मी पाठवले होते. वरून परत आले. साप चावून माणूस मरणे हे रोजचेच आहे, म्हणाले. मॅन बाइट्स डॉग पाहिजे." वाईट मुलगा नाही तो. रागावले ते मी त्याच्यावर नाही. पुढे तीन आठवड्यांनी त्याच पत्रात चार रकान्यांची बातमी आली, छायाचित्रासह: दारूच्या नशेत एका गृहस्थाने सापालाच कडकडून चावा घेतला होता. आमच्या गावात ती बातमी हातोहात फिरली. मुलांनी शाळेत वाचून दाखवली. त्या मुलीच्या धाकट्या भावानेही ऐकली.

ती एक मुलगी म्हणून सोडून द्याल, तर हिशेब ऐका. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. ह्यांतली बहुतेक खेड्यातली, आणि पावसाळ्यातली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. तुमच्या घरच्या रद्दीत त्या महिन्याचे अंक असतील तर तो आराखडा कोणत्या पानावर आहे ते काढून पाहा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांवर एकच प्रतिविष चालते. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ते काढतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव त्यासाठी जुने आहे. इंग्रजीत खात्रीच्या बातमीला 'घोड्याच्या तोंडून आलेली' म्हणतात. घोडा बिचारा रक्त देतो आहे, त्याची बातमी कोण छापतो?

रोजचे असते ते लहान नसते, हे महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी दाखवले. कोकणात विंचू चावून पोरे मरत, तेही रोजचेच. त्यांनी ते रोजचे लिहून ठेवले, एकेक रोगी पाहून 'लॅन्सेट'सारख्या पत्रिकेला कळवले, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर चालते हे सिद्ध केले आणि मरणाचे प्रमाण कितीतरी खाली आणले. एका जागी बसून 'कुत्रा माणसाला चावला' हीच बातमी ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. पी. साईनाथ २००६ सालची गोष्ट सांगतात: मुंबईत कापसाच्या कपड्यांची फॅशन दाखवण्याचा आठवडा होता, तिथे पाचशेबारा पत्रकार नोंदलेले, आणि कापूस पिकवणारे विदर्भात जीव देत होते, तिथे देशभरातून गेलेले पत्रकार सहा. झोत धरणारे हात कुठे होते, ते ह्या दोन आकड्यांत दिसते.

"पण बाई, रोजचे छापले तर वाचणार कोण?" हा आक्षेप मला पाठ आहे. ह्याला उत्तर त्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आहे. बाजारभाव रोज छापतात की नाही? कांदा, सोयाबीन, तूर. पावसाळ्यात धरणांचे साठे छापतात, टक्क्यांसकट. त्यांत कुणी कुणाला चावत नाही, मथळा नाही, छायाचित्र नाही. आणि आमच्या गावातल्या पारावर सर्वांत आधी तेच पान उघडतात. जे वाचून माणूस उठतो आणि काहीतरी करतो, ते तो रोज वाचतो.

तेव्हा जिल्ह्याच्या पत्रांच्या संपादकांना माझे मागणे आहे, आणि ते मी ह्या अंकातून जाहीर करते. जून ते ऑक्टोबर, धरणसाठ्याच्या शेजारी दोन बोटे जागा द्या. तालुक्यातली आरोग्य केंद्रे खाली खाली लिहा आणि समोर आज प्रतिविषाच्या कुप्या किती ते छापा. आकडा शून्य असेल तर शून्य छापा. वार्ताहराला एका दूरध्वनीचे काम. आमच्या शाळेची नववीची मुले सकाळी आकडे गोळा करून पाठवायला तयार आहेत. मी त्यांना विचारले आहे. वहीत रकाने आखून झाले आहेत, चौदा केंद्रांची नावे लिहिली आहेत, आणि पहिला पाऊस जूनमध्ये येतो.